फोंड्याचे रविवार

लेकीला मातीआड करून आम्ही डिचोलीला परतलो, तेव्हा घरमालकिणीनं आमच्या खोलीपुढचं अंगण सारवून ठेवलं होतं. पोरीच्या चपला, तिची बाहुली, दोरीवर वाळत घातलेला फ्रॉक, सगळं तिनं कुठंतरी उचलून ठेवलं होतं. मी आल्या आल्या तेच शोधलं. सापडलं नाही, तेव्हा उंबऱ्यावर बसले आणि दिवेलागणीपर्यंत तिथून हलले नाही.

चार वर्षांची होती. साधा ताप म्हणून सुरू झाला, मग मान ताठ झाली, आणि पणजीला नेईपर्यंत ती मला ओळखेनाशी झाली. ताप मेंदूत गेला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तिला पुरायचं कुठं, हाही एक प्रश्नच होता. आम्ही ख्रिस्ती; पण गोव्यात ज्याला ख्रिस्ती म्हणतात तसले नाही. माझं माहेर कोल्हापूरकडचं, यांचं घर वेंगुर्ल्याकडचं. दोन्हीकडे आज्या-पणज्यांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतलेला. आमचं शास्त्र मराठी, गीतं मराठी, रागसुद्धा कीर्तनातले. डिचोलीत चर्च होतं, पण ते कॅथलिकांचं, तिथली मीस, म्हणजे उपासना, कोंकणीत. तिथल्या दफनभूमीत जागा मागायला आमची कुणाशी ओळखही नव्हती. हे खाणीच्या ट्रकांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांनी तिथूनच एक जीप मागून आणली आणि दोडामार्गावरून तिला सासरच्या गावी नेलं. मुलगी गोव्याच्या सरहद्दीच्या पलीकडे राहिली आणि मी अलीकडे परत आले.

मोहल्ल्यात आम्ही सगळ्यांनाच कोडं होतो. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर एकदा सायकल थांबवून मला म्हणाला होता, "तुमी किरिस्तांव, आनी मराठी कशी उलयतात?" मराठी कशी बोलता, या प्रश्नाला मी हसून सोडून दिलं होतं. मुलगी असताना असल्या गोष्टींचं काही वाटत नसे. ती गेल्यावर लक्षात आलं, की या गावात आपल्यासोबत रडू शकेल असं एकही माणूस नाही. घरमालकीण चांगली होती, हिंदू घरातली, देवभोळी. ती येऊन बसे, पेज ठेवून जाई. पण मला जे गीत ऐकायचं होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला जे सांत्वन द्यायचं होतं ते मला घेता येत नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत माझं शरीर माझ्या हातातून गेलं. झोप आधी गेली. डोळा लागला की दचकून जाग यायची, छातीत कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायचं. मग भूक गेली. घास तोंडात फिरत राहायचा, गिळायचा कसा तेच विसरल्यासारखं व्हायचं. पाळी थांबली. केस विंचरायला घेतले की फणीत मूठभर यायचे. नळाखाली कळशी धरली तर ती निसटून पाणी अंगावर सांडायचं. डिचोलीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि सगळं ठीक आहे म्हणाला. सगळं ठीक आहे म्हटल्यावर मला जास्तच भीती वाटली.

यांचंही ठीक नव्हतं. कामावरून सुटले की सरळ घरी यायचे नाहीत. आले की तोंडाला वास असायचा. आम्ही दोघं एकाच खोलीत दोन भिंतींकडे तोंड करून बसायचो. एकदा मला म्हणाले, "गे, असा किती दिवस चलतला?" मी म्हटलं, "मला काय विचारता?" मग पुष्कळ दिवस तेवढंही बोलणं झालं नाही.

शेवटी वर्कशॉपातल्या कुणीतरी पणजीच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. मनाचे डॉक्टर. तिथं जायचं म्हणजे वेड लागलं असं सगळे धरून चालत. पण मी गेले. नको म्हणण्याइतका जोरच नव्हता. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची माणसं कोण आहेत?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं.

"हे सोडून?"

मी पुन्हा यांच्याकडेच बघितलं. डॉक्टर म्हणाले, "गोळी तिचं काम करील. पण माणसं शोधा. गोळी माणसांची जागा घेत नाही."

बेळगावचा एक ट्रकवाला वर्कशॉपात यायचा, त्याच्याकडून यांना कळलं, की फोंड्याला आपल्यातली थोडी मंडळी रविवारी जमतात. कारखान्यांत कामाला आलेली, बेळगाव-कोल्हापूरकडची. उपासना मराठीत होते.

आम्ही गेलो तो पहिला रविवार मला अजून दिसतो. टायर रिमोल्डिंगच्या दुकानामागं एक लांबट खोली होती. जळक्या रबराचा वास भिंतींत मुरलेला. सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात हार्मोनियम. दहा-बारा माणसं असतील. एका फौंड्रीतला कामगार पेटी वाजवत होता. गडी कोल्हापूरचा, सतत खोकणारा, पण आवाज असा की खोलीबाहेरचा रस्ताही ऐकत असावा. त्यानं सुरू केलेलं गीत माझी आई चुलीपाशी म्हणायची. पदर तोंडात कोंबून मी बसून राहिले.

शेजारी एक जाडजूड बाई बसली होती. साठीच्या आसपासची, सुती लुगडं, कपाळ मोकळं. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि गीत संपेपर्यंत तळवा दाबत राहिली. तिच्या हाताला कांद्याचा आणि लाइफबॉय साबणाचा वास येत होता. उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं अशी तिथली रीत होती. तिनं माझ्या ताटलीत भात-आमटी वाढली आणि समोरच फतकल घालून बसली.

"जेव की गं पोरी."

"जात नाही हो."

"मग नको जेवू. बस नुसती. मी जेवते, तू बघ."

ती सावकाश जेवत राहिली. तिच्याकडे बघता बघता मी कधी घास घेतला ते मला समजलं नाही. ताटलीतलं निम्मं संपलं, तेव्हा हे भिंतीशी उभे राहून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

तिला सगळे मावशी म्हणत. बेळगावची विधवा. फोंड्यात मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि मागच्या एका खोलीत एकटी राहायची. त्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, कुणी नव्हता. महिन्यातून एकदा बाहेरगावचा कुणी येई. एरवी आपसांतच शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. पण कुणाच्या घरात आजार आहे, कोण दोन रविवार आला नाही, कुणाची बायको रुसून गावाला गेली, हे सगळं मावशीला ठाऊक असायचं. ती सोमवारी त्याच्या दारात उभी राहायची.

आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. डिचोलीहून साखळी, तिथून उसगावावरून फोंडा. वाटेतलं कारापूर सुटलं की मला बरं वाटायला लागायचं. काही जादू झाली नाही. गोळ्या घेत होतेच. पण शनिवारी संध्याकाळी उद्याची साडी काढून ठेवावीशी वाटू लागली, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. हळूहळू झोप परत आली. पाळी आली तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. यांनी शनिवारचं पिणं सोडलं, कारण रविवारी पेटीवाल्याच्या शेजारी बसायचं असे. माझी लेक कशी होती हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर त्या खोलीत. तिला पावाचा कडक भागच आवडायचा, मऊ भाग ती मला द्यायची. हे सांगितलं तेव्हा कुणी देवाची इच्छा वगैरे म्हणालं नाही. मावशी म्हणाली, "शहाणी होती की."

मग तो उपदेशक आला.

तरुण होता, गोरटेला, आवाज धारदार. बेळगावकडून यायचा. त्याच्या प्रार्थनेनं लोक बरे होतात अशी ख्याती होती. मंडळीतले निम्मे लोक त्याच्यावर भाळले, आणि खरं सांगते, मीही भाळले. कुणीतरी माझी हकिगत त्याच्या कानावर घातली होती. त्यानं मला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि मोठमोठ्यानं प्रार्थना केली. अंगातून काहीतरी सरसरत गेलं. सगळे रडत होते, टाळ्या वाजवत होते.

"बहिणी, प्रभूनं तुला मोकळं केलं आहे," तो म्हणाला. "आता सांग, तू गोळीवर विश्वास ठेवणार की प्रभूवर?"

इतक्या माणसांपुढं, इतक्या प्रेमानं बघणाऱ्या माणसांपुढं, मी काय म्हणणार? मी म्हणाले, "प्रभूवर."

घरी येऊन गोळ्या परसातल्या शेणखईच्या खड्ड्यात टाकल्या. हे म्हणाले, "डॉक्टराक इचारूया तरी." मी ऐकलं नाही. पहिले काही दिवस तर मला पंख फुटल्यासारखं वाटलं. मग एका पहाटे छातीतली ती धडधड परत आली, जणू कुठं गेलीच नव्हती.

आता मात्र अडचण अशी होती, की मी बरी झालेली बाई होते. दर रविवारी साक्ष द्यायला मला उभं करत. नव्यानं आलेल्यांना माझ्याकडे बोट दाखवत. आणि मी उभी राहून सांगायची, "प्रभूच्या दयेनं मी बरी आहे." ब्लाउज अंगात सैल झाला होता, आणि माझं बरं होणं सगळ्यांना इतकं हवं होतं की तिकडे कुणाचं लक्षच जात नव्हतं. ज्या खोलीत मी पहिल्यांदा खरं रडले, त्याच खोलीत मी आता खोटं हसू लागले. एकटेपणाचं दुःख मला माहीत होतं. माणसांत बसून एकटं असण्याचं दुःख त्याहून वाईट, हे मी तिथं शिकले.

उपदेशक पुन्हा आला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं असावं, की ही बाई खंगत चालली आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बरं झालेलं परत जातं, म्हणजे घरात काहीतरी लपलेलं पाप आहे. लेकरू उगाच जात नाही."

मला पुढचं आठवत नाही. सतरंजीवर पडले म्हणे. जाग आली तेव्हा मावशी माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि उपदेशकाशी भांडत होती. तिला भांडताना मी प्रथमच ऐकत होते.

"माझा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला," ती म्हणत होती. "तुझ्यासारख्याच एकानं सांगितलं म्हणून औषध बंद केलं मी. उपास केले, प्रार्थना केली. तो मेला. त्याच्या मढ्यापाशी तुझ्यासारख्यानंच सांगितलं, विश्वास कमी पडला म्हणून. मी तेव्हा गप्प बसले बाबा. आता नाही बसायची."

"मावशी, तुम्ही देवाच्या कामात आडव्या येताय," तो म्हणाला.

"येते तर येते."

त्या दिवशी मंडळी फुटली. निम्मे लोक त्याच्या मागून गेले आणि दुसरीकडे जमू लागले. खोलीत आम्ही सहा-सात जण उरलो. मावशी मला घेऊन स्वतः पणजीच्या डॉक्टरांकडे आली. परतताना बसमध्ये म्हणाली, "खोटं बोलू नको की गं. बाहेर बोलावं लागतं. इथं तरी नको."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं. मीही गप्प होते. मलापण तू बरी व्हायला हवी होतीस."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण पहिल्यासारखा गुण येईना. मावशीनं माझ्यासाठी उपास धरलाय, हे मला पेटीवाल्याकडून कळलं. तिला साखरेचा आजार होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला उपासानं वाचवता आलं नाही म्हणून उपदेशकाशी भांडणारी ती बाई स्वतः मात्र आमच्यासाठी उपास करतच राहिली होती. माणूस असं का करतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याच सुमारास भाषेचं आंदोलन पेटलं. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी. आधी भिंतींवर लिहिलं गेलं, मग मोर्चे निघाले, मग दगड. वर्कशॉपात यांची पंचाईत झाली. हिंदू सोबती म्हणत, तू किरिस्तांव, म्हणजे तू कोंकणीवाल्यांतला. ख्रिस्ती सोबती म्हणत, तुझी प्रार्थना मराठीत, म्हणजे तू मराठीवाल्यांतला. हे जेवणाचा डबा घेऊन एकटे ट्रकच्या सावलीला बसायचे. आणि मग रस्त्यांवर झाडं आडवी पडली. बसगाड्या थांबल्या. एक रविवार गेला, दुसरा गेला. फोंडा चंद्राइतका लांब झाला.

मी त्या दिवसांत कुठवर घसरले ते लिहिताना आजही हात आखडतो. मला जगायचं नव्हतं. मरायचं होतं असंही नाही; फक्त सकाळ झाली की आणखी एक दिवस समोर उभा आहे हे सहन होत नव्हतं. एका दुपारी मी परसातल्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. घरमालकीण कपडे वाळत घालायला आली. तिनं ओले कपडे जमिनीवर टाकले, येऊन मागून माझी कंबर दोन्ही हातांनी धरली आणि तसंच मला घरात नेलं. जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, बसवलं, स्वतः दारात बसली.

"बाये, तुजी ती मावशी खंय?" तिनं विचारलं.

"फोंड्याला. रस्ते बंद आहेत."

ती दारातच बसून राहिली. हे कामावरून येताच तिनं त्यांना अंगणात गाठलं. तिचा आवाज मला आत ऐकू येत होता. "तिका हाड. कशेंय करून हाड." तिला कसंही करून आण.

हे दुसऱ्या दिवशी पहाटे वर्कशॉपातल्या एकाची स्कूटर घेऊन निघाले. मोठे रस्ते टाळत, खाणींच्या कच्च्या वाटांनी, काही ठिकाणी स्कूटर झाडांवरून उचलून घेत फोंड्याला पोचले. मावशीच्या खोलीला आतून कडी होती. वसतिगृहाची मुलं गडबडीमुळे घरी गेलेली. आसपासचे म्हणाले, ती बेळगावला गेली असेल. यांना ते पटलं नाही. त्यांनी दार मोडलं.

मावशी जमिनीवर पडली होती. अर्धं अंग निर्जीव, तोंड वाकडं, लुगडं भिजलेलं. शुद्ध होती. कधीपासून तशी पडून होती, कुणालाच सांगता आलं नाही. सगळ्यांच्या दारात जाऊन उभी राहणारी बाई, आणि ती दिसत नाही म्हणून तिच्या दारात कुणी गेलं नव्हतं. आमच्यापैकीही नाही. आम्ही आपापल्या जागी बसून, मावशी का येत नाही म्हणून वाट बघत होतो.

यांनी पेटीवाल्याला बोलावलं आणि दोघांनी तिला चादरीत घालून इस्पितळात पोचवलं.

घरी येऊन यांनी मला सांगितलं, "मावशी पडली हा. दार मोडूक लागला."

अशा वेळी माणूस खडबडून उभं राहतं, असं वाचलेलं असतं. मला मात्र राग आला. तिनं मला सोडून दिलं असं वाटलं. भिंतीकडे तोंड करून मी पडून राहिले. सकाळी घरमालकिणीनं पेजेचं वाडगं आणि कुलेर, म्हणजे चमचा, समोर ठेवली आणि म्हणाली, "खा. तुका फोंड्यां वचपाचें आसा." तुला फोंड्याला जायचंय. मी खाल्लं, कारण ती उठतच नव्हती.

बस सुरू झाल्या तसे आम्ही गेलो. इस्पितळात मावशीनं मला ओळखलं. तिची वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता: "नको." पाणी हवं असलं तरी "नको", कूस बदलायची असली तरी "नको", माझा हात हातात घेऊन ठेवायचा असला तरी "नको, नको." सुरावरून आम्ही अर्थ लावायला शिकलो. पेटीवाल्यानं खाटेपाशी बसून हळू आवाजात प्रार्थना सुरू केली, तेव्हाही ती म्हणाली, "नको." तिला प्रार्थना नको होती, की थांबू नको म्हणायचं होतं? तो गप्प झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही कशाचं, कोण सांगणार?

तिचं बेळगावला एक पुतण्या सोडून कुणी नव्हतं, आणि तो येतो येतो म्हणत आला नाही. इस्पितळानं घरी न्यायला सांगितलं. हेच पुढं झाले. "आमच्याकडे नेवया," म्हणाले. त्या एका खोलीत, जिथं लेकीचं अंथरूण असायचं तिथं, मावशीची खाट आली.

सेवेनं माझं दुखणं पळालं, असं मी म्हणणार नाही. माझी पाठ गेली. ती जड होती. कूस वळवायची तर दोन माणसं लागत. पाठीला जखमा झाल्या, त्या धुताना मी नाकाला पदर लावी. कधी कधी ती "नको, नको" करत राही आणि मी तिच्यावर ओरडे, मग बाहेर जाऊन रडे. पण गोळ्या वेळेवर घेऊ लागले, कारण मी पडले तर तिला वळवणार कोण? रात्री झोप लागे, कारण अंगात त्राण उरत नसे. ही काही साक्ष म्हणून सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण झालं ते असं.

उरलेली मंडळी रविवारी आमच्याकडे येऊ लागली. चार-पाच जणच. एक जण मावशीची नखं कापी, एक बाई तिचे केस विंचरून घट्ट वेणी घाली. घरमालकीण तेल घेऊन येई आणि तिचे पाय चोळी. गीत सुरू झालं की उंबऱ्याबाहेर जाऊन बसे, संपलं की परत आत. यांनी वर्कशॉपातल्या पट्ट्या वापरून खाटेची उशाकडची बाजू उचलायची एक युक्ती केली होती, त्यामुळं मावशीला बसतं करता येई. बसती झाली की ती सगळ्यांकडे एकेक करून बघे. कोण आलं, कोण नाही आलं, हे ती अजूनही मोजत असावी.

उपदेशकाकडे गेलेल्यांपैकी कुणी आलं नाही. फक्त एक बाई एकदा येऊन गेली, दारातच थांबली, म्हणाली, "मावशीनं देवाच्या माणसाचा अपमान केला, म्हणून हे झालं असं म्हणतात." यांनी तिला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "आता तू जा."

गोवा घटक राज्य झालं तेव्हा वर्कशॉपात पेढे वाटले. यांनी एक घरी आणला. मावशीला साखर बंद होती, तरी मी कणभर तिच्या जिभेवर ठेवला. ती म्हणाली, "नको," आणि चघळत राहिली. पावसाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले, तेव्हा तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर घरी येऊन गेले. फार काही करण्यासारखं नाही म्हणाले. ती दुपारी गेली. माझा हात तिच्या छातीवर होता, आणि छाती थांबली तरी मला ते लगेच समजलं नाही.

पुतण्या तेव्हा मात्र आला. टेम्पो घेऊन आला, तिला बेळगावला घेऊन गेला. टेम्पोत जागा कमी होती. पेटीवाला आणि हे गेले. मी अंगणात उभी राहिले. घरमालकिणीनं तिच्या घरच्या रीतीप्रमाणं पाणी शिंपडलं, आणि मग मला विचारलं, "तुमचें चलता मगो?" तुमच्यात चालतं ना? मी म्हटलं, चालतं.

त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांपुरता भात टाकला. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. त्या खोलीत आता जमण्याचं कारण उरलं नव्हतं. एकाची बदली झाली होती, दुसरा रत्नागिरीकडे कामाला गेला होता. उशिरा पेटीवाला तेवढा आला, पेटीशिवाय. खोकला फार वाढला होता. फौंड्री सोडून गावी निघालो, एवढं सांगायला आलो म्हणाला. मी त्याला जेवायला वाढलं. डॉक्टरांना दाखवलं का विचारलं. नाही म्हणाला. यांनी त्याला तिथंच बसवून ठेवलं आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर पणजीक चल. आधी दाखव, मगे गावाक जा."

"कशाला उगाच?" तो म्हणाला.

"चल म्हणतंय ना."

तो राहिला. संध्याकाळी यांनी त्याच्यासाठी मावशीच्या खाटेवर चादर अंथरली. मी सकाळसाठी डाळ भिजत घातली, माझी गोळी घेतली, आणि पलीकडे तो खोकत होता ते ऐकत पडून राहिले.